काळ्या बॉनेटचं वाचन

शटर अर्धं खाली ओढलं, ट्यूबलाइट मालवली आणि त्याने बॉनेटवर टॉर्च धरला. प्रकाशाच्या ठिपक्याभोवती कोळ्याचं जाळं पसरलं होतं. टॉर्च डावीकडे गेला की जाळंही डावीकडे. मी मान हलवली की ते माझ्याबरोबर हलायचं. "बघा काका, पूर्ण गाडी अशीच आहे," तो म्हणाला. पनवेलला पळस्पे फाट्याच्या अलीकडे, टायरवाला आणि रसवंती यांच्या मधला हा त्याचा गाड्या पॉलिश करायचा गाळा. माझी सेडान काळी आहे अशा समजुतीत मी चार वर्षं तिच्यात बसत होतो. टॉर्चखाली ती राखाडी निघाली.

त्या जाळ्याची गंमत अशी की त्यातल्या रेघा गोल नसतातच. फडकं जसं फिरलं तशा त्या उभ्या, आडव्या, तिरक्या, वाटेल तशा गेलेल्या असतात. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती ज्या नेमक्या आडव्या येतात तेवढ्याच आपल्या डोळ्याकडे प्रकाश फेकतात, बाकीच्या गप्प राहतात. म्हणून दिवा जाईल तिथे वर्तुळ. खात्री करायची तर स्वयंपाकघरात जावं. वर्षानुवर्षं काथ्याने घासलेलं स्टीलचं ताट बल्बखाली धरलं की हीच कडी उमटतात. फक्त ताटाचं कुणी मनाला लावून घेत नाही.

पांढऱ्या गाडीवरही इतक्याच रेघा असतात. पण पांढरा रंग स्वतःच चहूकडे प्रकाश उधळतो आणि त्या गर्दीत रेघेची चमक हरवून जाते. काळा आलेला प्रकाश पोटात घालतो. परत येतो तो वरच्या पारदर्शक थरावरून, ज्याला हे लोक क्लिअर कोट म्हणतात, तिथून. म्हणजे धुतलेल्या काळ्या गाडीकडे बघताना आपण रंग बघतच नाही. बघतो ते आभाळ, विजेच्या तारा, समोरच्या दुकानाची उलटी पाटी. त्या आरशावर हजारो बारीक चरे पडले की प्रत्येक चरा थोडा थोडा प्रकाश भलतीकडे उडवतो आणि काळ्यावर साय धरल्यासारखी दिसते. 'काळ्याला चमक आणणं' हा शब्दप्रयोग मला त्या दिवसापासून खटकतो. चमक आणायची नसते, वाटेत आलेलं काढायचं असतं.

आपल्याकडची जुनी झळाळी बहुतेक वर चढवण्याची. कल्हईवाला पितळेवर कथील चढवायचा, सुतार सागवानी कपाटावर मलमलीच्या पुरचुंडीने लाखेचं पॉलिश. गाड्यांच्या पॉलिशचं घराणंही लाकडाशीच जाऊन भिडतं: मेग्वायर्स या अमेरिकी कंपनीची सुरुवात १९०१ साली फर्निचरच्या पॉलिशने झाली. पनवेलला तर लाकडाची जुनीच सोयरीक. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये या गावाची ओळख बैलगाडीच्या चाकांसाठी आहे. घाटावरून माल घेऊन उतरलेले गाडीवान परतताना इथून चाकं नेत. गाळ्यातला हा पोरगा त्याच वाटेवर बसलाय, पण त्याची कला उणे करण्याची आहे. आणि उणे करायला त्याच्याकडे भांडवल अगदी थोडं.

ते भांडवल त्याने मला मोजून दाखवलं. काडेपेटीएवढा एक मीटर पत्र्याला टेकवायचा, आकडा येतो. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला पारदर्शक थर ४० च्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी. बॉनेट ११२, १०८, ११५. छत ११०. मागचा दरवाजा ११८. मग उजव्या हाताचा पुढचा दरवाजा: २४६. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हा रंगवलाय." ही गाडी मी वापरलेली घेतली तेव्हा विकणाऱ्याने 'कुठे साधं टेकलेलंही नाही' असं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. मीटरने ते एका 'टुक' आवाजात खोडलं. मला राग यायला हवा होता. आला तो कुतूहलाचा एक झटका. पत्र्यावरच्या आकड्यांत गाडीचं चरित्र लिहिलेलं होतं आणि मी ते मलपृष्ठ वाचून विकत घेतलं होतं.

डिकीवर तर खरोखरच मजकूर निघाला. टॉर्च तिरका धरल्यावर धुळीत बोटाने लिहिलेली अक्षरं दिसली: 'मला धुवा'. धूळ कधीच गेली होती, पण लिहिताना बोटाखाली जे कण फरफटले त्यांनी ती अक्षरं क्लिअर कोटवर कोरून ठेवली होती. आमच्या सोसायटीत एका बादलीत आणि एका फडक्यात पंधरा गाड्या निघतात. त्या आज्ञेचं पालन रोज सकाळी इमानेइतबारे झालं आणि बाकीचं सगळं जाळं त्यातून विणलं गेलं.

पहिले दोन तास त्याने मशीन पेटीतून बाहेरही काढलं नाही. फेस मारला, मुरू दिला, पाण्याने उतरवला. मग दोन बादल्या, एक साबणाची, एक नुसतं धुण्याचा हातमोजा खळबळायची. त्यानंतर एक पाण्यासारखं औषध फवारलं आणि पाच मिनिटांत काळ्या दरवाज्यांवरून जांभळे ओघळ सुटले. ते रसायन लोखंडाच्या कणांना भिडलं की जांभळं होतं. ब्रेक झिजून उडालेला चुरा असतो, रेल्वेच्या रुळांचा असतो. वर कळंबोलीचा लोखंड बाजार हाकेच्या अंतरावर. मग त्याने उजव्या हातात एक पातळ कॅरीबॅग चढवली आणि बॉनेटवरून बोटं फिरवली. मलाही फिरवायला लावली. नुसत्या हाताला जे गुळगुळीत लागत होतं ते प्लास्टिकमधून रव्यासारखं खरखरत होतं. बोटाला जे कळत नाही ते बोट झाकल्यावर कळतं, हे मला आजही पूर्ण पटलेलं नाही. पण खरखर होती. मातीच्या गोळ्यासारखी असते ती 'क्ले' घेऊन, साबणाच्या पाण्याचा हबका मारत, त्याने ती खरखर फूटभर फूटभर उतरवली.

मग बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावून त्याने एका बाजूचा दीड फुटाचा चौकोन हाती घेतला. सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात सौम्य पॉलिश आधी. निम्मीच रेघ गेली. मग एक पायरी कडक. हा क्रम मला फार आवडला. घाई असलेला माणूस लोकरीचं पॅड लावून थेट रोटरी, म्हणजे नुसतं स्वतःभोवती फिरणारं मशीन, फिरवतो, रेघा जातात, आणि उन्हात गाडी नेली की त्या जागी मशीनने काढलेले धुरकट पट्टे दिसतात. त्यांना हे लोक होलोग्राम म्हणतात, त्या शब्दात थोडी कुचेष्टा असते. याचं मशीन दुहेरी फिरणारं होतं, स्वतःभोवती आणि कडेकडेने. पॅडमागच्या तबकडीवर मार्करने एक जाड रेघ ओढलेली. का, ते विचारावं लागलं. हात जास्त दाबला किंवा पॅड वळणावर टेकलं की ते फिरायचं थांबतं, नुसतं थरथरतं, आणि आवाजावरून ते उमगत नाही. तबकडीवरची रेघ स्थिर दिसली की दाब कमी करायचा. दोन पैशांच्या मार्करने केलेली ही सोय त्या महागड्या मशीनहून मला जास्त मोलाची वाटली.

हात संथ चालत होता. एका उभ्या फेरीवर निम्मी चढणारी दुसरी, मग आडव्या. शेणाने अंगण सारवणाऱ्या बाईचा हात असा फिरतो. पत्र्याच्या कडा आणि बॉनेटवरची उंचवट्याची धार त्याने पट्टीने झाकली होती, कारण तिथे रंग मुळातच पातळ बसतो आणि मशीन तिथेच सगळ्यात आधी खातं. चौकोन झाल्यावर त्याने स्पिरिटने पुसून काढलं. हा क्षण या कामाचा गाभा आहे असं मला वाटतं. पॉलिशमध्ये तेलं असतात, ती चऱ्यांत भरून बसतात आणि थोडा वेळ सगळं काळंभोर दिसतं. अनेक ठिकाणी ग्राहक त्याच दर्शनावर खूश होऊन पैसे देतो, आणि चार धुण्यांत जाळं परत. स्पिरिटने पुसणं म्हणजे आपलंच काम खोटं पडायची पुरेपूर संधी देणं. त्याने पुसलं, टॉर्च धरला, पट्टी ओढून काढली. पट्टीच्या अलीकडे राखाडी धुकं, पलीकडे टॉर्चचा एकच टोकदार ठिपका. पलीकडचा काळा खोल होता, रात्री विहिरीत डोकावल्यासारखा. मीटर परत टेकवला: ११२ चे ११०.

दोन मायक्रॉन. पण खर्च झाला तो चाळिसातून, आणि हा थरच खालच्या रंगाला उन्हापासून राखतो. शिवाय मीटर एकूण जाडी सांगतो. वरचा थर किती उरलाय तो अंदाज कारागिराचा. मागच्या दरवाज्याच्या मुठीखाली किल्लीचा एक लांब ओरखडा होता, नख अडकेल असा. तो निघेल का विचारलं तर म्हणाला, "निघेल काका. पण मग खाली काही राहणार नाही." त्याने ओरखड्याच्या दोन्ही कडा तेवढ्या मऊ केल्या आणि हात मागे घेतला. मी हट्ट धरला असता तर? त्याने नाही म्हटलं असतं, असं त्याच्या मशीन खाली ठेवण्यावरून वाटलं. संस्कृत काव्यशास्त्रकार क्षेमेंद्राने काव्यात औचित्याला प्राण मानलं. मुठीखालच्या त्या न काढलेल्या रेघेत मला ते सापडलं, बॉनेटच्या झळाळीत नाही. झळाळी काय, होर्डिंगवरही असते.

बाकीचं काम दोन दिवस चाललं. वर सिरॅमिकचा थर लावायचा की साधं वॅक्स यावर आमची थोडी घासाघीस झाली, वॅक्सवर मिटली. तिसऱ्या दिवशी त्याने गाडी उन्हात काढली. टॉर्चपेक्षा ऊन जास्त निर्दय. सूर्य छतावर एकाच बिंदूत बसला होता, आजूबाजूला कडी नाही. डिकीवरचा मजकूर गेला होता. कर्नाळ्याच्या बाजूने जरा पुढे जाऊन थांबलो तर किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका बॉनेटमध्ये उलटा, कडेच्या झुडपांसकट.

चौथ्या दिवशी सकाळी बॉनेटवर महामार्गाची पिवळी धूळ आणि मांजराची पावलं होती, काचेपर्यंत जाऊन तिथून वळलेली. डॅशबोर्डातल्या फडक्याकडे माझा हात गेला. मग मी जिना चढून वर गेलो आणि दोन बादल्या घेऊन खाली आलो.