अशोक, प्रदर आणि संतुलन : स्त्रीरोगांवरील वनौषधींच्या परिभाषेची चिकित्सा

स्त्रियांच्या मासिक पाळीच्या विकारांवर वापरल्या जाणाऱ्या वनौषधींविषयी मराठीत पुष्कळ लेखन झाले आहे. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या 'वनौषधि गुणादर्शा'पासून वामन गणेश देसाई यांच्या १९२७ च्या 'ओषधिसंग्रहा'पर्यंत, आणि तेथून आजच्या बाटल्यांवरील माहितीपत्रकांपर्यंत, ही परंपरा अखंड चालत आलेली दिसते. तिच्याविषयीचा वाद बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरतो. औषध गुणकारी आहे की नाही, हा तो प्रश्न होय. परंतु या प्रश्नाच्या आधी दुसरे दोन प्रश्न उभे राहतात. औषध म्हणून जे दिले जाते ती वनस्पती कोणती, आणि ज्या विकारावर ते दिले जाते तो विकार कोणता? या दोहोंची निश्चिती झाल्याशिवाय गुणदोषांची चर्चा पायाशिवाय उभी राहते. प्रस्तुत विवेचन अशोकाच्या एका उदाहरणापुरते मर्यादित ठेवले आहे. कारण स्त्रीरोगांच्या संदर्भात हेच नाव सर्वांत अधिक घेतले जाते.

प्रथम ग्रंथांची साक्ष पाहावी. चरकसंहितेत अशोक येतो तो वेदनास्थापन गणात, म्हणजे वेदना शमविणाऱ्या दहा द्रव्यांमध्ये. सुश्रुताने त्याची गणना लोध्रादि गणात केली आहे. चरकाच्या योनिव्यापद्-चिकित्सेत रक्तप्रदरावर पुष्यानुग चूर्णासारखे योग प्रमुख आहेत. तेथे अशोकाला नंतरच्या काळातील प्रतिष्ठा नाही. अशोकाच्या सालीच्या काढ्यात सिद्ध केलेले दूध रक्तप्रदरावर द्यावे, हा योग वृंद आणि चक्रदत्त यांच्या संग्रहग्रंथांतून रूढ झाला. आणि ज्याचे नाव आज घरोघरी माहीत आहे ते अशोकारिष्ट 'भैषज्यरत्नावली'त येते. त्यात अशोकाच्या सालीचा काढा, गूळ आणि धायटीची फुले यांच्या संधानाबरोबर सुंठ, मुस्ता, दारुहळद, त्रिफळा, जिरे, अडुळसा, चंदन इत्यादी द्रव्ये आहेत. तात्पर्य, 'हजारो वर्षांपासून स्त्रियांचे औषध' असे जे अशोकाविषयी सरसकट म्हटले जाते त्यात तीन निरनिराळ्या काळांतील, तीन निरनिराळ्या हेतूंची विधाने एकत्र केलेली असतात. परंपरा प्राचीन आहे हे खरे. परंतु ती एकजिनसी नाही.

आता वनस्पतीकडे वळू. सातारा वा सांगली शहरात कोणत्याही शाळेच्या, कचेरीच्या किंवा वसाहतीच्या आवारात 'अशोक' दाखवा असे म्हटल्यास बहुधा सरळ उंच वाढणारे, लांब व कडेला लहरी असलेल्या पानांचे झाड दाखविले जाते. हा तो अशोक नव्हे. हे झाड सीताफळाच्या कुलातील असून त्याची फुले हिरवट व चांदणीसारखी असतात. वनस्पतिशास्त्रात ते पॉलिअल्थिया लाँगिफोलिया या नावाने ओळखले जात असे व अलीकडे त्याची गणना मोनून या प्रजातीत होते. ग्रंथोक्त अशोक, ज्याला लोक सीतेचा अशोक म्हणतात, तो शिंबावंत कुलातील आहे. त्याची पाने संयुक्त, कोवळेपणी तांबूस व लोंबती. फुलांचे झुबके नारिंगी, पुढे लाल होणारे. दोन्ही झाडे समोरासमोर ठेवली तर शाळकरी मुलालाही फरक कळेल. परंतु औषधाच्या बाजारात झाड येत नाही, साल येते. आणि वाळलेल्या सालीच्या तुकड्यांत पान, फूल आणि कुल सर्वच नाहीसे झालेले असते.

या गोंधळाचा दोष केवळ व्यवहारी लोकांवर टाकता येणार नाही. शास्त्रानेही नावाच्या बाबतीत दीर्घकाळ अनवधान दाखविले. लिनियसने १७६७ मध्ये साराका इंडिका हे नाव ज्या वनस्पतीला दिले ती आग्नेय आशियातील होती. भारतीय वृक्ष तोच समजून थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशासह अनेक प्रमाणग्रंथांनी ते नाव स्वीकारले. भारतीय वृक्ष निराळा असून त्याचे नाव साराका असोका असावे, हा निर्णय १९६० च्या दशकात डी वाइल्ड यांनी केला. म्हणजे एका बाजूस एका देशी नावाखाली दोन वृक्ष, आणि दुसऱ्या बाजूस एका लॅटिन नावाखालीही दोन वृक्ष, अशी स्थिती होती. देसाई यांच्यासारख्या ग्रंथकारांनी देशी नावाशेजारी शास्त्रीय नाव देण्याची जी शिस्त मराठीत आणली तिचे महत्त्व मोठे आहे. तथापि शास्त्रीय नाव लिहिले म्हणजे वस्तू हाती आली, असे मात्र होत नाही.

हा भेद केवळ नामकरणाचा नाही. सीतेच्या अशोकाच्या सालीत टॅनिने व एपिकॅटेचिनसारखी तुरट द्रव्ये विपुल असतात. दुसऱ्या झाडाची साल मुख्यतः डायटर्पीन वर्गातील द्रव्यांसाठी ओळखली जाते. खरा अशोक सह्याद्रीच्या दमट पट्ट्यात विरळ झाला असून आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या सूचीत तो असुरक्षित जातींत गणला गेला आहे. खोडाची साल सर्व बाजूंनी काढली की झाड वाळते. मागणी मोठी आणि झाडे थोडी, अशा स्थितीत भेसळ होणे अपरिहार्य आहे. व जनुकीय खुणांच्या साहाय्याने झालेल्या बाजारतपासणीत ती वारंवार आढळलेली आहे.

येथे सांगलीच्या हळदीचे उदाहरण उद्बोधक ठरेल. सांगलीच्या पेठेत हळद प्रतवारीने विकली जाते, तिचा रंग व कुरकुमिन यांवर भाव ठरतो, आणि २०१८ मध्ये तिला भौगोलिक निर्देशाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. स्वयंपाकघरातल्या पदार्थाची ओळख इतकी काटेकोरपणे राखली जाते. रक्तस्राव थांबविण्यासाठी घ्यावयाच्या सालीची मात्र तशी राखली जात नाही. ज्या वस्तूवर व्यापाराचे हित अवलंबून आहे तिची परीक्षा झाली. जिच्यावर स्त्रियांचे आरोग्य अवलंबून आहे ती केवळ नावावर विकली गेली.

विकाराच्या नावाची स्थिती याहून बिकट आहे. 'प्रदर' हा शब्द शास्त्रात अतिस्रावाचा वाचक असला तरी व्यवहारात रक्तप्रदर आणि श्वेतप्रदर असे दोन भिन्न विकार त्यात सामावले. बोलीत पांढरी धुपणी आणि तांबडी धुपणी असा भेद आहे खरा. पण 'अंगावरून जाणे' या एका वाक्प्रचारात पुन्हा तो मिटतो. लाजेमुळे स्त्री याहून अधिक बोलत नाही, आणि औषध देणारा याहून अधिक विचारत नाही. चरकाने असृग्दराचे वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार केले होते व प्रत्येकाची लक्षणे निराळी दिली होती. माहितीपत्रकांनी शास्त्राचे नाव घेतले आणि शास्त्राने केलेला भेद मात्र सोडून दिला, ही गोष्ट टीकाकाराने विशेष नोंदविण्यासारखी आहे.

आधुनिक वैद्यकात हाच भेद अधिक सूक्ष्म झाला. आंतरराष्ट्रीय स्त्रीरोग संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात गर्भाशयातून होणाऱ्या अनियमित रक्तस्रावाची कारणे नऊ वर्गांत मांडली आहेत. त्यांत मांसांकुर, गर्भाशयाच्या स्नायूत शिरलेले अस्तर, तंतुमय गाठी व कर्करोग हे रचनेचे दोष आहेत. रक्त न गोठण्याचा विकार, बीजोत्सर्गातील बिघाड, अस्तराचे दोष व औषधोपचारजन्य कारणे ही रचनेबाहेरची आहेत. आणि नवव्या वर्गात अद्याप न वर्गीकृत झालेली कारणे येतात. तुरट सालीचा काढा यांपैकी एखाद्या प्रकारात उपयोगी पडणे अशक्य नाही. परंतु रजोनिवृत्तीनंतर पुन्हा सुरू झालेल्या रक्तस्रावावर तोच काढा तीन महिने घेतला गेला, तर कर्करोगाच्या निदानाचे तीन महिने गेलेले असतात.

अलीकडे या दोन संदिग्ध शब्दांत तिसऱ्याची भर पडली आहे, तो म्हणजे 'संतुलन'. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय यांविषयीच्या कायद्याने स्त्रियांच्या पाळीचे विकार दुरुस्त करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना बंदी केली. 'पाळी' हा शब्द कायद्याच्या कक्षेत येतो. 'हार्मोन्सचे संतुलन' आणि 'स्त्री-स्वास्थ्य' हे शब्द मात्र निसटते आहेत. कोणते संप्रेरक, त्याचे प्रमाण किती, ते कमी की अधिक, यांपैकी काहीही न सांगता हा शब्द पाळी न येणाऱ्या मुलीला आणि पाळी न थांबणाऱ्या प्रौढेला सारखाच लागू पडतो. दुसरीकडे, १९४० च्या औषध कायद्याला १९६४ मध्ये जोडलेल्या आयुर्वेदविषयक तरतुदींनुसार मान्य ग्रंथांतील योगांना ग्रंथाचाच आधार पुरतो. मग ग्रंथात काढा किंवा अरिष्ट असता गोळीत सांद्र केलेला अर्क भरला, तर ग्रंथाचे प्रामाण्य कोठपर्यंत टिकते? पाण्यात उतरणारी द्रव्ये आणि मद्यार्कात उतरणारी द्रव्ये एक नसतात. नाव तेच राहते. मात्रा आणि घटक बदलतात.

यावर असा आक्षेप संभवतो की, ही टीका परंपरेवर अन्याय करते. पूर्वीच्या वैद्याला झाड ओळखता येत होते आणि रुग्णही. हा आक्षेप बव्हंशी रास्त आहे. साताऱ्यास आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालय स्थापन करणाऱ्यांनी दोन्ही शास्त्रांची जोड संस्थेच्या नावातच घातली, त्यामागे हीच जाणीव असली पाहिजे. परंतु या आक्षेपानेच टीकेला बळ मिळते. वैद्याच्या डोळ्यांत व प्रश्नांत जे ज्ञान होते ते बाटलीत उतरलेले नाही. वैद्य आणि रुग्ण यांच्यामधून परीक्षा वजा झाली, आणि केवळ नाव उरले.

हा प्रश्न शब्दनिष्ठांच्या चर्चेपुरता नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. ज्यांच्या अंगात रक्तच कमी, त्यांचा अतिस्राव निदानाविना राहणे किती महाग पडते हे वेगळे सांगावयास नको. उसाच्या हंगामात सातारा-सांगलीच्या कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून हजारो स्त्रिया येतात. २०१९ मध्ये राज्य शासनाच्या समितीसमोर आलेल्या माहितीनुसार बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली होती. आणि पांढरे जाणे, पोट दुखणे यांसारख्या तक्रारींवर कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया झाल्याची अनेक वृत्ते तेव्हा प्रसिद्ध झाली. एकीकडे काढ्याची बाटली आणि दुसरीकडे शस्त्र, ही दोन टोके वाटतात. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच त्रुटी आहे : 'अंगावरून जाते' एवढ्या शब्दांवर उपचार ठरविला गेला.

म्हणून या विषयावर प्रबंध लिहिणाऱ्यांकडून दोन किमान अपेक्षा ठेवणे अवाजवी होणार नाही. ज्या सालीवर प्रयोग केला तिच्या झाडाचा नमुना वनस्पतिसंग्रहात ठेवून त्याचा क्रमांक द्यावा. आणि ज्या स्त्रियांवर प्रयोग केला त्यांच्या स्रावाचे कारण आधी तपासून वर्गवार नोंदवावे. या दोन नोंदी ज्या प्रबंधात नाहीत त्याचा निष्कर्ष अनुकूल असो वा प्रतिकूल, तो अशोकाविषयीचा निष्कर्ष मानता येणार नाही.