लाळेतलं एन्झाइम आणि घाईचं भाकीत

तोंडाच्या कर्करोगावर लिटरेचर रिव्ह्यू करायला बसलात की एका साच्यातले पेपर हमखास भेटतील. काही रुग्ण, तितकेच निरोगी लोक, लाळेतलं एलडीएच मोजलं, रुग्णांत जास्त निघालं. आणि शेवटी वाक्य: हे एन्झाइम प्रोग्नोस्टिक मार्कर ठरू शकते. तिथे थांबा. प्रोग्नोसिस म्हणजे आजार कोणाचा उलटेल, कोण किती जगेल. त्यासाठी रुग्णांचा काही वर्षं फॉलोअप हवा. एका दिवसाच्या नमुन्यात तो कुठून येणार?

एमएमपी-९ ची गोष्ट जास्त मोहात पाडणारी. पेशींच्या थराखालच्या पडद्यातलं टाइप ४ कोलॅजेन हे एन्झाइम तोडतं, म्हणजे कर्करोगाला आत घुसायला वाट मिळते. पटतं ना? पण न्यूट्रोफिलही तेच सोडतात. हिरड्या सुजल्या की लाळेत ते वाढतं. तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांच्या हिरड्या तुम्ही पाहिल्याच असतील. नियंत्रण गटात स्वच्छ दातांची तरुण मुलं घेतली, तर तुम्ही कर्करोग मोजलात की हिरड्या?

एलडीएचला तर लाळेत थोडं रक्त आलं तरी पुरतं. पहिल्या वर्षी माझे काही नमुने गुलाबीसर होते, तरी मी ते चालवले. आकडे काय सुंदर आले! गाइड मॅडमनी ट्यूब उजेडात धरल्या आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मग येतो 'ऑप्टिमल कटऑफ'. सगळे कटऑफ लावून बघायचे आणि सर्वांत लहान पी-व्हॅल्यू देणारा ठेवायचा. डग्लस आल्टमन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्येच दाखवलंय की असं केलं तर ५ टक्क्यांची चूक ४० टक्क्यांच्या आसपास जाते.

हा नुसता आकडेमोडीचा वाद नाही. टाटा मेमोरियलच्या २०१५ च्या चाचणीत सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या, तेव्हा तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. गाठ दिसेपर्यंत वाट पाहिलेल्यांत ६७.५. उद्या कोणी 'एन्झाइम कमी, धोका कमी' म्हणून मान तशीच सोडली, तर? शिवाय ट्यूमर किती खोल गेलाय हे आता स्टेजिंगमध्येच धरतात. तुमचं एन्झाइम त्याहून जास्त काय सांगतं, हे पेपरात शोधा. बहुतेक वेळा ते तपासलेलंच नसतं.

मार्करवर काम करणार असाल तर २००५ च्या रिमार्क मार्गदर्शक सूचना नमुने गोळा करण्याआधी वाचा. मी नंतर वाचल्या. माझ्या शीटमध्ये आता हिरड्यांच्या तपासणीचा कॉलम आहे. जुन्या रुग्णांपुढे तो रिकामाच राहणार.