पडद्यावरचा रुमाल

आपल्याकडच्या रहस्यपटांत एक प्रसंग ठरलेला असतो. खलनायक मागून येऊन क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकावर दाबतो आणि माणूस दोन क्षणांत कोसळतो. पुढच्या दृश्यात शुद्धीवर येतो तो पूर्ण ताळ्यावर! त्याला सारे आठवते, पाय डगमगत नाहीत, लगेच मारामारीही करतो.

चित्रपटाला वेग हवा, हे मान्य. पण या दृश्यातून मेंदूला जणू एकच बटण असते, अशी समजूत रुजते. आक्षेप आहे तो त्यावर.

एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मचा भुलीसाठी वापर सुरू केला. पुढे कॉलऱ्याच्या संशोधनामुळे प्रसिद्ध झालेल्या जॉन स्नो यांनी त्याच वर्षी ईथरच्या परिणामांच्या पाच पायऱ्या नोंदवल्या. भूल पायरीपायरीने चढते, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या प्रसूतीच्या वेळी स्नो यांनी रुमालावरूनच थोडाथोडा क्लोरोफॉर्म ५३ मिनिटे दिला. वेदना कमी झाल्या, पण राणी पूर्ण बेशुद्ध झाली नाही.

म्हणजे वेदना, शुद्ध, स्मृती आणि स्नायूंचा ताळमेळ या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. औषध आणि मात्रा यांनुसार त्या वेगवेगळ्या प्रमाणात मंदावतात. आज दुर्बिणीच्या तपासणीपूर्वी मिडाझोलॅमसारखे गुंगीचे औषध देतात. ‘गाबा’ हे रसायन मेंदूतील पेशींची उत्तेजना कमी करते. मिडाझोलॅम त्याचा परिणाम वाढवते. रुग्ण बोलतो, ‘कुशीवर वळा’ म्हटले की वळतो. पण नंतर त्याला त्यातले काहीच आठवत नाही. जुन्या आठवणी शाबूत असतात. नव्या आठवणी साठवण्याचे हिप्पोकॅम्पसचे काम मात्र तेवढा वेळ विस्कळीत झालेले असते. अनुमस्तिष्काचे कामही मंदावते. त्यामुळे तोल आणि हालचालींची अचूकता बिघडते.

धोका इथेच आहे. रुग्ण डोळे उघडून नीट बोलू लागला की ‘आता उतरले’ असे घरचे धरून चालतात. पण डॉक्टरांनी त्या वेळी सांगितलेले पथ्य तो विसरलेला असू शकतो आणि त्याला स्वतःला ठणठणीत वाटत असले, तरी ब्रेक दाबायला त्याला उशीर होऊ शकतो. म्हणूनच सोबत कोणीतरी असावे, सूचना लेखी घ्याव्यात आणि साधारणपणे २४ तास वाहन चालवू नये, असे सांगितले जाते.

भूल म्हणजे ‘गाढ झोप’ असे आपणही वर्गात सहज सांगून जातो. पण झोपलेला माणूस हलवले की उठतो. पूर्ण भूल दिलेला उठत नाही. मज्जासंस्था शिकवताना हा रुमालाचा प्रसंग वर्गात जरूर घ्यावा आणि विद्यार्थ्यांना विचारावे : या दृश्यात मेंदूची किती कामे एकदम बंद पडलेली दाखवली आहेत? आणि ती सगळी एकाच क्षणी परत कशी आली?