परग्रहावरचे प्राणी : कल्पना आणि हिशेब

परग्रहावरचा प्राणी काढायला सांगितले, तर बहुतेक विद्यार्थी मोठ्या डोक्याचा हिरवा माणूस काढतात. ज्यांची कल्पना अधिक धावते ते त्याला आठ हात आणि तीन डोळे देतात. पहिल्या चित्रात नावीन्य नाही, दुसऱ्यात कारण नाही. हात आठच का, आणि त्यांचा उपयोग काय, हे कोणी विचारत नाही. काल्पनिक सजीवांची चित्रे पाहताना नेमका हा ‘का’ विचारायचा असतो. या कसोटीवर एक गाजलेले पुस्तक तपासून पाहू.

अमेरिकन चित्रकार वेन बार्लो यांचे ‘एक्स्पिडिशन’ हे पुस्तक १९९० साली प्रसिद्ध झाले. २३५८ साली ‘डार्विन ४’ या ग्रहावर गेलेल्या मोहिमेचा, चित्रकाराने लिहिलेला वृत्तांत, अशी त्याची मांडणी आहे. २००५ साली डिस्कव्हरी वाहिनीने त्यावरून ‘एलियन प्लॅनेट’ हा चित्रपट काढला.

पुस्तकाची सर्वांत जमेची बाजू म्हणजे त्यातील प्राण्यांचे आपसातील नाते. तेथील प्राण्यांना जबडे नाहीत. शिकारी प्राणी भक्ष्याला भोसकून त्यातील द्रव शोषून घेतात. एकाच वंशाच्या फांद्यांवर अशी समान खूण दिसायलाच हवी. आपल्याकडे बेडूक, पाल, कावळा आणि माणूस यांना चारच अवयव आहेत, ते सामाईक पूर्वजामुळे. ‘अवतार’ या २००९ सालच्या चित्रपटात घोड्यासारख्या प्राण्याला सहा पाय आहेत, पण नायिकेच्या जमातीला मात्र दोन हात व दोन पाय. तिथे प्रेक्षकांची सोय जीवशास्त्रावर मात करते. बार्लोंनी ही सोय पाहिलेली नाही.

आता आकाराकडे वळू. ‘डार्विन ४’चे गुरुत्व पृथ्वीच्या ०.६ पट आहे, म्हणून प्राणी मोठे, हा तर्क दिशेने बरोबर आहे. पण किती मोठे? लांबी दुप्पट केली की वजन आठपट होते आणि हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र चौपट. गॅलिलिओने १६३८ साली मांडलेला हा विचार आहे. पृथ्वीवर ३ मीटर उंच हत्तीच्या हाडांवर जेवढा ताण पडतो, तेवढाच तेथे त्याच बांध्याच्या ५ मीटर उंच हत्तीच्या हाडांवर पडेल. कमी गुरुत्वाने एवढीच सूट मिळते. दोन पायांवर चालणारा डोंगराएवढा ‘एम्परर सी स्ट्रायडर’ या सुटीत बसत नाही.

वायूच्या पिशव्यांवर तरंगणारा ‘इओसेपियन’ तर आणखी अडचणीत येतो. तरंगण्यासाठी कमी गुरुत्वाची मदत होतच नाही, कारण प्राण्याचे वजन आणि हवेचे उत्प्लावक बल दोन्ही सारख्याच प्रमाणात घटतात. महत्त्व आहे ते हवेच्या घनतेला. पृथ्वीवरच्या हवेत एक घनमीटर हायड्रोजन सुमारे १.१ किलोग्रॅम उचलतो. ५०० किलोग्रॅमच्या प्राण्याला सुमारे ४५० घनमीटरची पिशवी लागेल, म्हणजे तीन मोठ्या वर्गखोल्यांएवढी. शरीराच्या आकारमानाच्या ती जवळजवळ ९०० पट होते. चित्रातल्या पिशव्या एवढ्या मोठ्या नाहीत. हवा कितीतरी पट दाट धरली, तरच चित्र जुळते.

आमचा मुख्य आक्षेप मात्र डोळ्यांविषयी आहे. तेथील प्राण्यांना डोळे नाहीत. ते प्रामुख्याने प्रतिध्वनीवर वावरतात. प्रकाश भरपूर असलेल्या ग्रहावर हे पटत नाही. पृथ्वीवर प्रकाशग्राही इंद्रिये स्वतंत्रपणे ४० ते ६५ वेळा उत्क्रांत झाली असावीत, असा अंदाज साल्विनी-प्लावेन आणि मायर यांनी १९७७ साली मांडला. युग्लीनासारख्या एकपेशीय जीवालाही प्रकाशाची दिशा कळते. दाट धुक्याची सबब सांगता येईल, पण धुक्यातही दिवस-रात्रीचा फरक कळणे फायद्याचेच. शिवाय याच प्राण्यांच्या अंगावर स्वयंप्रकाशी ठिपके आहेत. काजवा चमकतो तो दुसऱ्या काजव्याने पाहावे म्हणून. येथे पाहणारा कोण? उत्तर एकच: पुस्तकाचा वाचक.

या उणिवा दाखवल्याने पुस्तकाचे मोल कमी होत नाही. सजीवसृष्टीचा एकच नमुना आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा ‘असे असूच शकत नाही’ हे शब्द जपून वापरावेत. वंशाच्या खुणा वेगळ्या असू शकतात, रसायनेही वेगळी असू शकतात. वजन, ताण आणि उत्प्लावन यांचे नियम मात्र तिथेही तेच. आधी कोणत्या गोष्टी बदलता येतात आणि कोणत्या नाहीत, हे वेगळे करता येणे हेच या चित्रांपासून मिळणारे खरे शिक्षण.

वर्गात हे सहज करता येईल. विद्यार्थ्यांना आधी ग्रह द्यावा: गुरुत्व किती, हवा किती दाट, उजेड किती. मग प्राणी काढायला सांगावा आणि प्रत्येक अवयवापुढे एका वाक्यात कारण लिहून घ्यावे. ज्या अवयवाला कारण सापडणार नाही, तो खोडावा किंवा ग्रह बदलावा. गुण चित्राला न देता कारणांना द्यावेत. मग हिरवा माणूस आपोआप मागे पडेल, आणि बेडकाचे पाय चारच का, हा प्रश्नही कोणीतरी विचारील.