शेततळ्याच्या हिशेबातला तिसरा वाटा

(छत्रपती संभाजीनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्य तिथे तशीच ठेवली आहे.)

शासन निर्णय आपण दोनच गोष्टींसाठी वाचतो. पैसे किती मिळणार आणि कागदपत्रं कोणती लागणार. आज मला तो पुस्तकासारखा वाचायचाय. म्हणजे त्यात कोण बोलतंय, कोणाशी बोलतंय, आणि कोणाचं नाव त्यात येतच नाही. निर्णय आहे 17 फेब्रुवारी 2016 चा, ‘मागेल त्याला शेततळे’.

नाव झकास आहे, यात वाद नाही. देणारा दानशूर, घेणाऱ्यानं फक्त तोंड उघडायचं. पण पुढे वाचलं की मागणाऱ्याकडे किमान 0.60 हेक्टर जमीन हवी, म्हणजे दीड एकर. गावाची पैसेवारी मागच्या पाच वर्षांत एकदा तरी पन्नासच्या खाली आलेली हवी. मराठवाड्याला ही दुसरी अट अवघड नव्हती, ते आपलं दुर्दैव! अनुदानाची कमाल रक्कम पन्नास हजार. सर्वांत मोठं तळं तीस बाय तीस मीटर, खोली तीन मीटर. त्यावर होणारा जास्तीचा खर्च शेतकऱ्याचा. प्लास्टिकचा कागदही त्याचाच, निगा-दुरुस्तीही त्याचीच.

आता जरा गणित करू. बाजूंना उतार देऊन एवढं तळं खणायचं तर 2196 घनमीटर माती-मुरूम काढावा लागतो. पन्नास हजाराला भागा. घनमीटरला तेवीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. आपल्याकडे काही फुटांवर मुरूम लागतो, मग कातळ. मशीनवाला तासावर पैसे घेतो, शासन निर्णय वाचून घेत नाही. आणि काम आधी, अनुदान नंतर. मधल्या काळात मशीनचं भाडं कोण भरणार? ज्याच्या हातात मोसंबीचे किंवा नोकरीचे पैसे आहेत तो भरतो. ज्याच्याकडे नाहीत तो उसनवारी करतो, नाहीतर अर्जच करत नाही. योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबांना प्राधान्य आहे. पण आधी खर्च करा म्हटलं की ते प्राधान्य कागदावर उरतं.

जमिनीचं काय? तीस बाय तीस म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे, आणि बांधाची जागा वेगळी. दीड एकरवाल्याचे एकूण साठ गुंठे. म्हणजे त्यानं सातवा हिस्सा जमीन पाण्याखाली घालायची. दहा एकरवाल्याला हे जाणवतसुद्धा नाही. जमीन हाही शेतकऱ्याचा वाटाच आहे, पण तो हिशेबात कुठे धरलेला नाही. 2022 नंतर मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत मर्यादा पंच्याहत्तर हजारांवर गेली, हे चांगलं झालं. पण हिशेबाची रीत तीच राहिली.

इथपर्यंतची टीका तुम्ही आधीही ऐकली असेल. मला खरं म्हणायचंय ते पुढचं. या मजकुरात दोनच पात्रं आहेत, शासन आणि लाभार्थी. शेजारी कुठेच नाही.

शेततळ्याची मूळ कल्पना काय होती? शिवारातून वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवायचं आणि कापसाला, तुरीला खंड पडला की एखादं पाणी द्यायचं. कल्पना उत्तम आहे. अशा एका पाण्यावर पीक हातचं राहतं, हे कोणीही कोरडवाहू शेतकरी सांगेल. पण तळ्याला कागद लागला, चारी बाजूंनी उंच बांध आले आणि पावसाचं पाणी आत यायला वाटच उरली नाही. मग तळं भरतं कशानं? विहिरीच्या, बोअरच्या मोटारीनं. वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टचे ईश्वर काळे यांनी 2017 साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त शेततळ्यांच्या अशाच वापरावर बोट ठेवलं होतं. आपल्या बसाल्ट खडकात पाणी वरच्या झिजलेल्या थरात असतं. एकानं दिवाळीनंतर उपसून ते तळ्यात बंद केलं की शेजारच्या विहिरीचा तळ फेब्रुवारीतच दिसायला लागतो. कायद्याच्या भाषेत कोणी काही चोरलेलं नाही. जमिनीखाली सगळ्यांचं असलेलं पाणी जमिनीवर एकाचं झालं, आणि त्या खर्चाचा एक वाटा सरकारनं उचलला.

शिवाय ते पाणी उन्हात ठेवलेलं. नऊशे चौरस मीटरचा पृष्ठभाग आहे. उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरा. काठोकाठ भरलेल्या तळ्यातून रोज 7200 लिटर पाणी उडतं. दीड दिवसाला एक टँकर! त्याच गावात ग्रामपंचायत टँकरचा प्रस्ताव तयार करत असते.

आणि ते कागदाचे उतार. पाय घसरला की धरायला काही नाही, पोहता येणारालाही वर येता येत नाही. शेततळ्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. कुंपण, दोर, टायर यांचा खर्च किती असतो? पण तोही कोणाच्याच वाट्यात नाही.

हा झाला तिसरा वाटा. तो भरणाऱ्याला कोणी विचारलेलं नसतं.

कोणी म्हणेल, अनुदान आहे, फुकट मिळतंय, कशाला खोड काढता? वाटा मागण्याची आपली परंपरा जुनी आहे. मुंबई इलाख्यात 1942 साली जमीन सुधारणा योजना कायदा आला. बांधबंदिस्ती सरकार करायचं आणि खर्च जमीनमालकांकडून वसूल व्हायचा. मराठवाडा तेव्हा निजामाकडे, ती गोष्ट वेगळी. पण 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, ती बघा. खर्चाचा वीस टक्के वाटा लाभधारकांनी आधी भरायचा. पण त्या वाट्याबरोबर नियमही आले. पाणी माणशी, जमिनीच्या मापानं नाही. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हक्क. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. म्हणजे पैसे भरणारा माणूस निर्णयातही वाटेकरी होता. आपल्या योजनेत तो फक्त खर्चात वाटेकरी आहे.

अमेरिकेचं उदाहरण जपून देतो. तिथेही शेतातल्या मृद-जलसंधारणाला सरकार खर्चाचा वाटा देतं, साधारणपणे पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत. जे शेतकरी आजवर मागे राहिले त्यांना निम्मी रक्कम आगाऊ मिळू शकते. ती तरतूद उचलण्यासारखी आहे. पण त्याच देशात कॅन्सस राज्यात काटकसरी सिंचनयंत्रं आल्यावर भूजलाचा उपसा घटण्याऐवजी वाढला, असं 2014 साली छापलेल्या एका अभ्यासात दिसलं. वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्यांनी जास्त पाण्याची पिकं घेतली. ठिबकला आपण अल्पभूधारकाला एकूण ऐंशी टक्के अनुदान देतो. वाचलेलं पाणी पुढे कुठे जातं, हा प्रश्न अर्जात विचारलेला नाही.

एका श्रोत्यानं चिठ्ठी पाठवली आहे: मग शेततळं घ्यावं की घेऊ नये? घ्या. नाल्याच्या बाजूला, ओघळ आत येईल असं घ्या, आणि चारी बाजूंनी कुंपण करा. अनुदान देणाऱ्यांना मात्र मी म्हणेन, अर्जात एक रकाना वाढवा: तळं भरणार कशानं? उत्तर ‘विहीर’ किंवा ‘बोअर’ असेल तर मंजुरीआधी तो अर्ज ग्रामसभेत वाचून दाखवा, शेजारचे विहीरवाले समोर बसलेले असताना. आणि अल्पभूधारकाला निम्मे पैसे मशीन शेतात यायच्या आधी द्या.