सन त्झूची जमाखर्चाची वही

सन त्झूचे नाव कानावर न पडलेला नोकरदार सिंगापुरात विरळाच. त्याची 'युद्धकला' आंग मो किओच्या वाचनालयात मला सापडली ती मात्र इतिहासाच्या नव्हे, व्यवस्थापनाच्या कपाटात. येथील प्राध्यापक वी चाउ हौ व सहकाऱ्यांचे 'सन त्झू : वॉर अँड मॅनेजमेंट' १९९१ मध्ये निघाले. सेनापतीच्या जागी मॅनेजर आणि शत्रूच्या जागी प्रतिस्पर्धी कंपनी बसवून हा ग्रंथ वाचायची रीत आता रुळली आहे. या वाचनाला माझा आक्षेप आहे.

व्यवस्थापनाचा वाचक 'न लढता जिंकणे' एवढेच उचलतो आणि त्याला चातुर्य समजतो. पण त्याआधीचे दुसरे प्रकरण वाचावे. ती चक्क जमाखर्चाची वही आहे. हलके रथ हजार, अवजड रथ हजार, चिलखती सैनिक एक लाख, हजार ली दूर पोचवायची रसद, शस्त्रांसाठी सरस आणि लाख, रथांची डागडुजी. रोजचा खर्च हजार सुवर्णमुद्रा. शेवटच्या प्रकरणात तर एक लाखाची फौज बाहेर पडली की सात लाख कुटुंबांची शेती खोळंबते, असा हिशेब मांडला आहे. न लढता जिंकावे ते खजिना आणि पीक वाचावे म्हणून. बाजारात हरलेली कंपनी बंद पडते, माणसे दुसरीकडे नोकरी धरतात. रणांगणात तशी सोय नसते.

याच हिशेबाने तटबंदीच्या शहराला वेढा घालणे हा सन त्झूच्या मते सर्वांत वाईट मार्ग. साधने जमवण्यात तीन महिने, मातीचे उंचवटे रचण्यात आणखी तीन. उतावळ्या सेनापतीचे एकतृतीयांश लोक मरतात आणि शहर तसेच राहते. येथे मराठी वाचकाला रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' आठवावे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या ग्रंथात दुर्गांना राज्याचा आधार मानले आहे. सन त्झू वेढा घालणाऱ्याचा खर्च मोजतो, अमात्य तो खर्च शत्रूच्या माथी मारतात. हे त्यांनी अनुभवले होते. १६९० पासून सुमारे आठ वर्षे मोगल फौज एका जिंजीपायी अडकली, आणि औरंगजेबाची अखेरची पंचवीस वर्षे दक्षिणेत खर्ची पडली. वही एकच, पाने दोन.

अण्वस्त्रांचा धाक याच वहीत बसतो. १९६२ च्या युद्धाला दोन वर्षे होत असताना, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने लोप नूर येथे पहिला अणुस्फोट केला आणि आपण प्रथम वापर करणार नाही, असे त्याच दिवशी जाहीर केले. पुढे कित्येक दशके अमेरिका आणि रशियाकडे हजारोंनी अस्त्रे असताना चीनने थोडक्यांवर भागवले. गड मोजकेच, पण घेणाऱ्याला परवडू नयेत असे. हा हिशेब आता बदललेला दिसतो. स्टॉकहोमच्या 'सिप्री' संस्थेच्या अंदाजाने २०१९ मध्ये सुमारे २९० असलेली चिनी अस्त्रे २०२५ च्या आरंभी ६०० वर गेली; २०२१ मध्ये युमेन आणि हामी येथे क्षेपणास्त्रांच्या नव्या भूमिगत कोठारांची रांगच उपग्रहचित्रांत दिसली.

तेव्हा 'चिनी परंपराच मुळात युद्धविन्मुख' असे म्हणत कोणी सन त्झूचा दाखला दिला, तर तो मान्य करू नये. अॅलस्टर इयन जॉन्स्टन यांनी 'कल्चरल रिअॅलिझम' (१९९५) या ग्रंथात मिंग काळाच्या अभ्यासातून दाखवले, की बळ असेल तेव्हा राज्यकर्ते मंगोलांविरुद्ध चढाईकडेच झुकत. वही संयम शिकवते ती खर्च परवडत नाही तोवर.

गडाची उपमा मात्र एका ठिकाणी तुटते. गेलेला गड परत घेता येतो. मराठ्यांनी तसे अनेकदा केले. अणुयुद्धानंतर परत घ्यायला काही उरत नाही. आणि हे जाणायला सन त्झूबाहेर जावे लागत नाही. अग्निहल्ल्यावरच्या बाराव्या प्रकरणात जाळपोळीचे प्रकार सांगून झाल्यावर तो राजाला बजावतो, की रागाच्या भरात युद्ध सुरू करू नकोस. राग निवळतो, पण बुडालेले राज्य आणि मेलेली माणसे परत येत नाहीत. व्यवस्थापनाच्या भाषांतरात नेमका हाच इशारा निसटतो.

आपल्यासाठी हा केवळ ग्रंथचर्चेचा विषय नाही. मोठ्या माशांना गिळता येऊ नये म्हणून या छोट्या देशाने विषारी कोळंबी व्हावे, असे ली क्वान यू यांनी १९६६ मध्ये सांगितले. पुढच्याच वर्षी सक्तीची राष्ट्रीय सेवा आली. येथे कायम रहिवासी झालेल्या आपल्यातल्या कित्येक घरांतली मुले अठराव्या वर्षाच्या सुमारास दोन वर्षांसाठी गणवेश चढवतात. सन त्झूच्या हिशेबातल्या त्या सात लाख घरांत आता आपलेही घर आहे. म्हणून हा ग्रंथ घरी आणावा, मुलांनाही द्यावा. पण सुरुवात दुसऱ्या प्रकरणापासून करावी, आणि बारावे संपल्याशिवाय खाली ठेवू नये.