‘आयल ऑफ डॉग्ज’ : प्रेक्षकप्रतिसाद आणि बेवारस कुत्र्याचे स्थान

प्रस्तावना

वेस अँडरसन या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘आयल ऑफ डॉग्ज’ हा चित्रपट २०१८ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात उद्घाटनाचा चित्रपट म्हणून दाखविला गेला आणि अँडरसन यांना तेथे उत्कृष्ट दिग्दर्शनाचे रौप्य अस्वल मिळाले. चित्रपट स्टॉप-मोशन पद्धतीचा आहे. बाहुली किंचित हलवायची, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची, असे हे चिकाटीचे तंत्र आहे. मराठी रसिकाला ते अगदीच परके नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काडेपेटीतल्या काड्यांना याच रीतीने चालविले होते.

जपानमधील मेगासाकी या कल्पित शहरात कुत्र्यांमध्ये साथ पसरते. महापौर कोबायाशी सर्व कुत्र्यांना कचऱ्याच्या बेटावर हद्दपार करतो. त्याचा बारा वर्षांचा पाल्य अटारी आपल्या ‘स्पॉट्स’ या कुत्र्याच्या शोधात बेटावर उतरतो. या चित्रपटावर उमटलेल्या प्रतिक्रियांची तपासणी करून त्यांतून सुटलेल्या एका प्रश्नाकडे लक्ष वेधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रतिसादाच्या दोन दिशा

प्रदर्शनानंतरचा वाद मुख्यतः भाषेभोवती फिरला. चित्रपटात कुत्रे इंग्रजी बोलतात. माणसे जपानी बोलतात आणि त्यांच्या संवादांना बहुतांशी उपशीर्षके नाहीत. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’चे समीक्षक जस्टिन चँग यांचा आक्षेप असा होता की, या योजनेमुळे जपानी माणसे स्वतःच्याच शहरात परकी ठरतात. लढ्याचे नेतृत्व ट्रेसी या अमेरिकन विद्यार्थिनीकडे जाते, ही बाबही अनेकांना खटकली. उलट, ‘न्यू यॉर्कर’मध्ये मोएको फुजी यांनी जपानी जाणणाऱ्या प्रेक्षकाची बाजू मांडली. न भाषांतरिलेल्या संवादांत त्या प्रेक्षकासाठी स्वतंत्र अर्थ आहे आणि भाषांतर किती अपुरे व सत्तेच्या अधीन असते हे चित्रपट दाखवितो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

एकच युक्ती एकाला वगळते आणि दुसऱ्याला जवळ घेते. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या विचारानुसार अर्थ संहितेत बंदिस्त नसतो. प्रेक्षक आपल्या सामाजिक स्थानावरून तो उलगडतो. मुरबाड–शहापूर भागात घरी कातकरी वा ठाकरी बोलणारे मूल शाळेत प्रमाण मराठी ऐकते. उपशीर्षकांवाचून ऐकण्याचा अनुभव त्याला चित्रपटगृहात जाऊन घ्यावा लागत नाही.

मात्र या दोन्ही प्रतिक्रिया जपानविषयी बोलतात. कुत्र्याविषयी फारसे बोलत नाहीत. कुत्रा हे केवळ रूपक आहे असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले दिसते. भारतीय प्रेक्षकाला असे गृहीत धरणे कठीण आहे.

मालकाविना कुत्रा

बेटावरील टोळीतील चार कुत्रे पूर्वी पाळीव होते. पाचवा ‘चीफ’ हा भटका आहे. त्याला एका कुटुंबाने एकदा घरात घेतले होते. पण कुरवाळायला आलेल्या मुलाला तो चावला. आपण का चावतो हे त्याला स्वतःलाच उमगत नाही. चित्रपटातील सर्वांत खरे पात्र हेच आहे. तथापि दिग्दर्शक त्याला भटका राहू देत नाही. अटारी त्याला आंघोळ घालतो, काळा रंग हा निव्वळ मळ ठरतो आणि चीफ हा स्पॉट्सचाच भाऊ निघतो. अखेरीस तो अटारीचा रक्षक होतो. भटकेपण ही या कथेत धुऊन काढण्याची गोष्ट आहे.

हा दोष केवळ परदेशी दृष्टीचा नाही. मुंबईच्या रस्त्यांवर घडणाऱ्या ‘रोडसाइड रोमिओ’ (२००८) या हिंदी संगणकीय चलत्पटाचा नायकही श्रीमंत घराने टाकून दिलेला पाळीव कुत्राच आहे. गावकुत्रे या दोन्ही चौकटींत बसत नाही. ते कोणाचेच नसते आणि साऱ्या आळीचे असते. शिळ्या भाकरीवर जगते आणि रात्री अनोळखी पावलावर भुंकते. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिरामागे चालत गेलेला कुत्राही त्याचा पाळलेला नव्हता. नाते केवळ सोबतीचे होते. भारतीय कायद्यानेही हे नाते ओळखले आहे. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ मध्ये अशा कुत्र्यांना ‘सामुदायिक प्राणी’ म्हटले आहे.

भीतीचा प्रश्न

चित्रपटाची दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. साथीवर उपाय सापडलेला असतो, तरी सत्ताधारी तो दडपतात. म्हणजे कुत्र्यांविषयीची भीती ही कारस्थानाने पोसलेली आहे. परिणामी प्रेक्षकाला बाजू निवडताना काहीच पणाला लावावे लागत नाही. प्रत्यक्षात रेबीजने भारतात दरवर्षी माणसे मरतात आणि लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. लसीसाठी पाड्यावरून आरोग्य केंद्र गाठावे लागणाऱ्या पालकाची भीती कोणी महापौर निर्माण करीत नाही.

हा संघर्ष जुना आहे. जून १८३२ मध्ये मुंबईत सरकारने चालविलेल्या कुत्र्यांच्या हत्येविरुद्ध पारशी समाजाच्या पुढाकाराने दंगल झाली होती. अलीकडे, ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री निवाऱ्यांत हलविण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलून, रेबीजग्रस्त वा आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास सांगितले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात मात्र शिक्षणसंस्था, रुग्णालये, बसस्थानके आदी आवारांतून पकडलेली कुत्री पुन्हा तेथे सोडू नयेत, असे निर्देश देण्यात आले. त्यामुळे हद्दपारीचा हा प्रश्न महाविद्यालयांच्या आवारापर्यंत आला.

या घटनांनंतर चित्रपट पाहणाऱ्या प्रेक्षकाला कचऱ्याचे बेट २०१८ मधल्यासारखे दूरचे रूपक वाटणार नाही. त्याच वेळी महापौराला खलनायक ठरविण्याची सोय त्याला तितकीशी पुरणारही नाही. दोन्ही बाजूंना खऱ्या यातना आहेत, हे त्याला ठाऊक असते.

निष्कर्ष

‘आयल ऑफ डॉग्ज’ची दृश्यकला असामान्य आहे, वाऱ्याने हलणारी लव आणि चीफच्या डोळ्यांत साठणारे पाणी यांचा प्रभाव नाकारता येत नाही. परंतु त्याची करुणा मालकीच्या मार्गानेच वाहते : कुत्रा कोणाचा तरी झाला की तो वाचतो. जो कोणाचाच नाही आणि जो चावूही शकतो, त्याच्याशी समाजाने कसे वागावे, हा प्रश्न चीफच्या रूपाने चित्रपट उभा करतो आणि आंघोळीच्या पाण्याबरोबर सोडून देतो. वर्गात हा चित्रपट दाखविताना भाषेच्या वादाइतकेच या प्रसंगापाशी थांबणे आवश्यक आहे. विद्यार्थ्यांपैकी काहींनी कुत्र्याला भाकरी घातलेली असेल, काहींनी चाव्यावरची सुई घेतलेली असेल. दोघांचाही प्रतिसाद ग्राह्य धरला, तरच या कलाकृतीचे मूल्यमापन पूर्ण होईल.